बिघडलेल्या बॉड्या फेकू नका

वाचकाचे पत्र:

चार वर्षांपूर्वी मला प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्या जोडण्याचा छंद लागला. आज कपाटात ३१ किट न जोडलेली पडून आहेत, पूर्ण झालेली गाडी एकच आहे आणि चार अर्धवट आहेत. इंजिन, चॅसी, आतली आसने इथपर्यंत काम छान होते. बॉडी रंगवायला घेतली की बिघडते. एका गाडीच्या निळ्या रंगावर क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, मारताच सगळ्या रंगाला सुरकुत्या पडल्या. दुसरीचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला. तिसरी लाल प्लॅस्टिकची होती, ती पांढरी रंगवली, तर दोन दिवसांत गुलाबी दिसू लागली. चौथीचा रंग चांगला आला, पण सुपर ग्लूने काच बसवली आणि ती आतून धुरकटली. प्रत्येक वेळी मी ते किट खोक्यात परत ठेवतो आणि नवे विकत घेतो. पत्नीचे म्हणणे असे, की मी गाड्या बनवत नाही, खोकी जमवतो. किट विकून टाकावीत, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे यंत्र) घ्यावा, की छंदच सोडावा? शिवाय माझ्याकडे १:२४ आणि १:२५ ही दोन्ही मापे मिसळली आहेत, तेही मनाला खटकते.

उत्तर:

चारही गाड्यांचे बिघाड तुम्ही इतके नेमके लिहिले आहेत की त्यांची कारणे पत्रावरूनच सांगता येतात, आणि त्यांतले एकही कारण हाताला कसब नसण्याचे किंवा एअरब्रश नसण्याचे नाही. इंजिन आणि आसने नीट जमतात, म्हणजे तुमचा हात बसलेला आहे. खरी अडचण अशी, की बॉडीचा रंग बिघडला म्हणजे किट वाया गेले, असे तुम्ही गृहीत धरले आहे. पॉलिस्टायरीनवरचा, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकवरचा, रंग घासता येतो, काढता येतो आणि पुन्हा मारता येतो. म्हणून विकणे, सोडणे किंवा नवे यंत्र घेणे यांपैकी काहीही ठरवण्याआधी त्या चारही गाड्या खोक्यांतून बाहेर काढा.

सुरकुत्या पडलेल्या निळ्या गाडीपासून सुरुवात करू. तुमचा निळा रंग एनॅमल असणार आणि वरचा क्लिअर लॅकर असणार. डब्यांवर वाचून खात्री करून घ्या. लॅकर वाळतो तो केवळ त्यातला द्रावक उडून जातो म्हणून, आणि तो द्रावक बराच तीव्र असतो. एनॅमलचे तसे नाही: द्रावक उडाल्यानंतर त्याचा थर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत हळूहळू पक्का होतो, आणि हाताला कोरडा लागला तरी आतून तो कित्येक दिवस, थर जाड असेल तर त्याहूनही अधिक काळ, कच्चाच राहतो. अशा अर्धवट पक्क्या थरावर लॅकर पडला की त्याचा द्रावक आत शिरतो आणि रंग फुगतो. खालची बाजू प्लॅस्टिकला धरून असल्यामुळे फुगलेल्या थराला आडवे पसरायला जागा मिळत नाही आणि तो वर उचलला जातो. तुम्ही पाहिलेल्या सुरकुत्या त्या याच. लॅकरचा थर पूर्ण वाळलेला असेल तर त्यावर एनॅमल निर्धास्त चालते, उलट क्रम मात्र धोक्याचा आहे. माझे स्पष्ट मत असे, की बॉडीसाठी प्रायमर, रंग आणि क्लिअर हे तिन्ही थर एकाच प्रकारचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत, आणि एनॅमल आतल्या बारीक कामासाठी किंवा दारे-बॉनेटच्या खाचांमध्ये पातळ गडद रंग सोडण्यासाठी राखून ठेवावे, कारण तिथे ते सर्वांत सोयीचे आहे.

संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो तेव्हा रंगाचे थेंब बॉडीवर पोहोचेपर्यंत अर्धे वाळलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून सपाट होत नाहीत. डबा फार लांब धरणे, रंग थंड आणि घट्ट असणे, किंवा भीतीपोटी फक्त धुक्यासारखे कोरडे थर देत राहणे, यांपैकी एखादे कारण असणार. स्प्रेचा डबा बॉडीपासून साधारण २० सेंटिमीटरवर असावा आणि हात बॉडीच्या बाहेर सुरू होऊन पलीकडे बाहेरच थांबावा. डबा वापरण्याआधी काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवला तर रंग बारीक आणि एकसारखा फवारला जातो. पाणी कोमटच हवे, गरम पाण्यात किंवा आचेजवळ दाबाखालचा डबा कधीही ठेवू नये. पहिले एकदोन थर हलके द्या, म्हणजे पुढच्या थराला धरायला पृष्ठभाग मिळतो. शेवटचा थर मात्र इतका ओला हवा की उजेडात तिरपे पाहिल्यावर तो चकाकताना दिसावा. बहुतेक नवशिके ओघळाच्या भीतीने याच थराला कचरतात, आणि माझ्या मते तुमचेही तेच झाले आहे.

या दुसऱ्या गाडीचा रंग काढण्याची गरजच नाही. थर पूर्ण पक्का झालेला असेल, आणि इतक्या काळात तो झालेलाच असणार, तर २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने उंचवटे घासा, मग त्याहून बारीक कापड आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड वापरा. घासताना पृष्ठभाग मंद, एकसारखा दिसू लागला की थांबायचे. अजून चमकणारे ठिपके म्हणजे न घासल्या गेलेल्या खोलगट जागा. बॉडीच्या धारदार रेषांवर, म्हणजे फेंडरचे कंगोरे, दारांच्या कडा, बॉनेटवरची उभार रेघ अशा ठिकाणी रंगाचा थर मुळातच पातळ असतो आणि दोनचार हातांतच खालचा प्रायमर उघडा पडतो. त्या जागा आधी मास्किंग टेपच्या बारीक पट्टीने झाका आणि शेवटी फक्त कंपाउंडने पुसून घ्या.

लाल प्लॅस्टिकच्या गाडीचे गुलाबी होणे अनेकांना गूढ वाटते, पण कारण साधे आहे. काही लाल प्लॅस्टिकमधले रंगद्रव्य रंगाच्या द्रावकात विरघळते आणि थर ओला असताना त्यातून वर येते. पांढऱ्या रंगाचे कितीही थर चढवले तरी प्रत्येक थराचा द्रावक आणखी थोडा लाल रंग वर ओढतो. साधा प्रायमरही ते नेहमी अडवू शकत नाही. चंदेरी लॅकरचा एक भरीव थर मध्ये दिला तर त्यातले धातूचे सूक्ष्म पापुद्रे एकावर एक बसून अडसर तयार करतात, त्यावर प्रायमर आणि मग पांढरा रंग द्यायचा. तरीही आधी बॉडीच्या आतल्या बाजूला एका कोपऱ्यात हा सगळा क्रम करून काही दिवस थांबा. आणि गाडी पांढरीच हवी असा आग्रह नसेल, तर ही बॉडी काळी किंवा गडद लाल करा. मूळ गाडी त्या रंगात निघाली असेल तर त्यात कोणतीही तडजोड नाही.

काच धुरकटते ती सुपर ग्लूच्या वाफेमुळे. हा गोंद पक्का होताना त्याची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसून पांढरा थर बनवते, आणि बंद जागेत, म्हणजे काच बसवून झालेल्या बॉडीच्या आत, तर ती कोंडून राहते. हा थर वरवरचा असतो. काच निघत असेल तर काढून, नाहीतर कापसाच्या काडीने आतूनच, प्लॅस्टिकसाठीच्या बारीक पॉलिशने घासून पाहा. बहुतेक वेळा काच पुन्हा स्वच्छ होते. यापुढे काचेसाठी पांढरा पीव्हीए गोंद किंवा पारदर्शक भागांसाठी मिळणारा खास गोंद वापरा. त्यांची पकड कमी असते, पण काचेवर ताण नसतोच, आणि सांडलेला गोंद ओल्या काडीने पुसता येतो. पातळ प्लॅस्टिक सिमेंटही काचेजवळ नको, कारण ते प्लॅस्टिक विरघळवून जोडते आणि केशाकर्षणाने नको तिथे पळते.

उरल्या रंग काढायच्या दोन गाड्या, निळी आणि गुलाबी झालेली. येथे कोणता रंग आहे त्यावर उपाय ठरतो. लॅकर आणि ॲक्रिलिक बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सुटतात: झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून ठेवावी, दर अर्ध्या तासाने पाहावे आणि रंग मऊ झाला की जुन्या टूथब्रशने काढावा. एनॅमल अल्कोहोलला सहसा दाद देत नाही. त्यासाठी कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर उपयोगी पडतो, कारण तो सोडा एनॅमलमधले तेल तोडतो आणि पॉलिस्टायरीनला धक्का लावत नाही. निळ्या गाडीवर वर लॅकर आणि खाली एनॅमल असल्यामुळे दोन्ही टप्पे लागतील. मध्ये बॉडी पाण्याने पूर्ण धुवा आणि दोन रसायने एकत्र येऊ देऊ नका. अल्कोहोल ज्योतीपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून वापरावे. कॉस्टिक सोड्यासाठी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, त्यात सवलत नाही. ॲसिटोन किंवा लॅकर थिनर मात्र चुकूनही नको, ते रंगाबरोबर बॉडीही विरघळवतील. क्रोमचे भाग आणि काचा या द्रवांत घालू नका. कोणताही द्रव आधी त्याच किटच्या उरलेल्या स्प्रूच्या (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर रात्रभर तपासा. ते प्लॅस्टिक तेच असल्यामुळे याहून खात्रीची चाचणी नाही. भरलेली पुट्टी किंवा सुपर ग्लूचे जोड यात सुटू शकतात, ते पुन्हा करावे लागतील.

आता कामाच्या क्रमाबद्दल, कारण मला वाटते तुमच्या थकव्याचे मूळ इथे आहे. किटमधले सूचनापत्रक बहुधा इंजिनापासून सुरू होते आणि बॉडी शेवटी येते, म्हणून तुम्हीही बॉडी शेवटी घेता. पत्रकातला तो क्रम जोडणीचा आहे, रंगकामाचा नव्हे. बॉडीचे थर वाळायला दिवस लागतात. ती शेवटी घेतली की सगळे तयार असूनही वाट पाहावी लागते, मन उतावीळ होते आणि कच्च्या थरावर पुढचा थर पडतो. किट उघडले त्याच दिवशी बॉडीचे काम सुरू करा आणि तिचे थर वाळत असताना इंजिन, चॅसी, आसने करा. जे काम तुम्हाला आवडते तेच मग तुम्हाला धीर धरायला लावेल.

बॉडी हातात घेतल्यावर पहिल्यांदा भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेला तेलकट अंश राहिला तर रंग तिथून पळतो. मग साच्याच्या रेघा शोधा. बॉडीचा साचा अनेक बाजूंनी मिटणारा असतो आणि त्याचे तुकडे जिथे भेटतात तिथे बारीक उंच रेघ राहते. ती बहुधा फेंडरच्या माथ्यावरून, छताच्या खांबांवरून आणि बंपरच्या कोपऱ्यांवरून जाते. नुसत्या डोळ्याला ती सहज दिसत नाही, पण चकचकीत रंगाखाली लगेच उठून दिसते. चाकूच्या पात्याची पाठ तिच्यावरून ओढा आणि ६०० ते १००० नंबरच्या पेपरने सपाट करा. दारे आणि बॉनेटच्या खाचा रंगाच्या थरांनी भरून येतात, म्हणून त्या आधीच चाकूच्या टोकाने किंवा खाच कोरायच्या हत्याराने थोड्या खोल करून घ्या. बॉडी, चॅसी आणि आतला भाग रंगाशिवाय एकदा एकत्र बसवून पाहा. शेवटी चाके कमानीला घासतात किंवा बॉडी खाली बसत नाही हे रंग झाल्यावर कळले तर चिमटून-दाबून बसवताना तोच रंग तडकतो. यानंतर राखाडी प्रायमर. त्याचे एक काम रंगाला पकड देण्याचे, पण माझ्या दृष्टीने मोठे काम दोष दाखवण्याचे आहे. प्रायमरवर दिसलेली रेघ किंवा खड्डा तिथेच दुरुस्त करून पुन्हा प्रायमर मारायचा. पिवळा आणि लाल यांसारखे कमी झाकणारे रंग राखाडीवर मळकट दिसतात, त्यांच्याखाली पांढरा प्रायमर घ्या.

लॅकरचा रंग झाल्यावर निदान एक दिवस, क्लिअरनंतर पॉलिश करण्याआधी आठवडा, इतके थांबणे मला सुरक्षित वाटते. हवा दमट असेल तर स्प्रे पुढे ढकला, कारण वाळताना थंड झालेल्या लॅकरवर हवेतले पाणी जमून तो पांढुरका पडतो. थर पक्का झाला का, हे ओळखायला बॉडी नाकाजवळ धरा: द्रावकाचा वास येत असेल तर अजून नाही. आणि प्रत्येक नवा रंग आधी प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर मारा. चमच्याची वक्रता फेंडरसारखीच असते, आणि प्रायमर, रंग, क्लिअर हा सगळा क्रम त्यावर आधी झाला तर तुमच्या पहिल्या बिघाडासारखा प्रसंग बॉडीवर येणार नाही.

एअरब्रश आत्ताच घेऊ नका. तो उत्तम साधन आहे, पण त्याबरोबर कॉम्प्रेसर, रंग पातळ करण्याचे प्रमाण, दाब आणि सफाई हे सगळे नव्याने शिकावे लागते, आणि तुमचे चार बिघाड त्याने टळले नसते. डबा घेताना मात्र तो कशासाठी आहे ते वाचा: टामिया कंपनीचे टीएस मालिकेतले डबे पॉलिस्टायरीनच्या किटसाठी आहेत आणि पीएस मालिकेतले रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी, आणि ते एकमेकांऐवजी वापरायचे नसतात. डबा असो वा एअरब्रश, सेंद्रिय वाफांसाठीचे फिल्टर असलेला मास्क लावा, धुळीचा कापडी मास्क पुरत नाही. दोन घटक मिसळून बनणारे कडक क्लिअर चकाकीसाठी मोह घालते, पण त्याच्या कडक करणाऱ्या घटकात आयसोसायनेट असतात आणि ते फुप्फुसांना घातक आहेत. घरगुती कामात त्याच्या वाटेला जाऊ नका.

मापांबद्दल मन खट्टू करून घेऊ नका. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, आणि टामिया, फुजिमी, हासेगावा, आओशिमा या जपानी कंपन्यांच्या बहुतेक गाड्या याच मापात आहेत. १:२५ अमेरिकेत रुजले ते वाहन कंपन्यांच्या विक्रेत्यांसाठी बनणाऱ्या प्रचाराच्या मॉडेलांमुळे. एएमटी या अमेरिकी किट कंपनीने १९५८ साली त्याच परंपरेतून तीन प्रकारे जोडता येणारी वार्षिक किट काढली आणि ते माप तिथे कायम झाले. साडेचार मीटर लांबीची गाडी १:२४ मध्ये १८७.५ मिलिमीटर होते आणि १:२५ मध्ये १८०. एकच गाडी दोन्ही मापांत शेजारी ठेवली तर हा फरक दिसेल, वेगवेगळ्या गाड्या असतील तर डोळ्याला जाणवणारही नाही. काळानुसार, देशानुसार किंवा शर्यतीनुसार मांडणी करा आणि मापाचा आग्रह सोडा. फक्त एका किटची चाके दुसऱ्याला लावताना माप तपासा.

आता त्या ३१ किटविषयी. संग्रह हा बनवण्याहून कमी प्रतीचा छंद आहे असे मी मानत नाही. जुने खोके, त्यावरचे चित्र, साच्याचा इतिहास यांत रस घेऊन जमवणारे लोक मन लावून ते काम करतात. पण तुम्ही त्या रसाने जमवत नाही, प्रत्येक खरेदी एका बिघाडानंतर झाली आहे, आणि तुमच्या पत्नीने ते बरोबर ओळखले आहे. एक गाडी पुरी झाल्याशिवाय नवे किट नाही, असा नियम लोक सुचवतात. तुमच्यासाठी मी तो थोडा बदलतो: हातातल्या बॉडीवर क्लिअरचा थर चढून तो पक्का होईपर्यंत नवे किट घ्यायचे नाही, कारण तुम्ही माघार घेता ती नेमकी त्याआधी. त्यानंतर घ्यावेसे वाटले तर खुशाल घ्या. दुर्मीळ किट निसटेल ही भीती पुष्कळदा निराधार असते. बरेच साचे टिकून असतात आणि कंपन्या जुनी किट वेळोवेळी पुन्हा काढतात. त्याच कारणाने विकून मोठा मोबदला मिळेल या आशेवरही किट धरून ठेवू नका. जी पाचसहा गाड्यांची खोकी पाहून मनात काहीच हलत नाही, ती द्या. बाकीची ठेवा.

जी ठेवाल त्यांची खोकी उघडा, सीलबंद ठेवण्यात तुमचा लाभ नाही. मऊ व्हायनिलच्या टायरांतून प्लॅस्टिसायझर, म्हणजे त्यांना मऊ ठेवणारा घटक, हळूहळू बाहेर येतो आणि शेजारचे पॉलिस्टायरीन वितळवतो. टायर काचेला किंवा बॉडीला टेकून वर्षानुवर्षे राहिले तर त्यांचा ठसा कायमचा उमटतो, म्हणून ते वेगळ्या पिशवीत ठेवा. जोडलेल्या गाडीतही हाच धोका असतो. रिम रंगवलेली असेल तर तो थर थोडेफार रक्षण करतो. डिकॅलचे, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांचे, पत्रक सपाट, अंधारात आणि कोरडे ठेवा. पिवळे पडलेले पत्रक पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या उन्हात काही दिवस लावले तर बरेचदा पुन्हा पांढरे होते. जुने असेल तर आधी नको असलेले एखादे डिकॅल पाण्यात टाकून पाहा, आणि ते तुकडे होऊन सुटले तर बाकीच्या पत्रकावर क्लिअरचा पातळ थर देऊन मग प्रत्येक डिकॅल कडेने कापून घ्या. खोक्यांची चळत फार उंच रचू नका, छताचे बारीक खांब वाकतात.

सुरुवात संत्र्याच्या सालीच्या गाडीने करा, तिला पाणी, पेपर आणि पॉलिश याखेरीज काही लागत नाही. मग काच धुरकटलेली घ्या. निळी आणि गुलाबी गाडी द्रवात बुडवण्याआधी त्यांच्यावर डिकॅल लावली होती का ते तपासा. लावली असतील तर ती रंगाबरोबर जातील, म्हणून त्या गाडीचे दुसरे पत्रक मिळते का ते आधी शोधा, आणि मिळत नसेल तर त्यांच्या जागा मोजून, स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवल्यावरच बॉडी बुडवा.